मन्मथ, काचेवरच्या त्या खुणा खोट्या होत्या

मन्मथ, तू ऐकतोयस असं धरून चालतो. तसा तू जिवंतपणीही माझं फारसं ऐकत नव्हतास. मान माझ्याकडं असायची आणि कान इंजिनाकडं. त्यामुळं मला सवय आहे.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तुझ्याबद्दल इतकं बोललोय की निम्मं नांदेड मला लांबून बघून गल्ली बदलतं. तू बॉनेटला कान लावलास की आजारी सिलिंडर स्वतःहून आपलं नाव सांगायचं, हे सांगून झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून तू ड्रायव्हरची कुठली दाढ दुखते ते ओळखायचास, हेही सांगून झालं. माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं असतं, हे लोकांना ठाऊक आहे. ते करतातही, बिनबोभाट, मनातल्या मनात.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तुलाही नाही. तीस वर्षं ती एवढी एक गोष्ट वजा करूनच मी बाकी सगळं सांगत आलो. भूकंपाच्या दिवशी, मुरमाच्या त्या वाटेवर, डॉक्टरीणबाईंसमोर तू म्हणालास, "चूक माझी हाय." आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून गप्प बसलो. ती चूक तुझी नव्हती. आज तेवढंच लिहायला बसलोय, आणि लिहिताना जमेल तितकं खरं लिहिणार आहे.

उदगीरच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो. दहावीनंतर तू हातात पाना घेतलास, मी खडू. पुढं दोघंही नांदेडात आलो: तू गॅरेजचा मिस्त्री, मी कॉलेजात फिजिक्सचा मास्तर. लातूरला क्लासेसचं पीक नुकतं उगवायला लागलं होतं. मी आठवड्यातून तीन दिवस तिकडं शिकवायला जायचो. आणि जायचो कशातनं? ती गाडी आठव.

देगलूरकडच्या एका जहागीरदार घराण्याचा नातू माझ्याकडं शिकायला होता. पोरगं इतकं ढ की न्यूटनचं सफरचंद त्याला बघून परत झाडावर गेलं असतं. ते पास झालं. आजोबांना असा गहिवर आला की त्यांनी कडब्याच्या शेडमधली विलायती मोटार गुरुदक्षिणा म्हणून माझ्या गळ्यात घातली. दोन सीटांची, छप्पर नसलेली, शर्यतीच्या जातीची, पुढं लांबलचक नाक. कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला होता. मी सगळ्यांना सांगतो की चारही सिलिंडरांतून एकेक अंडं निघालं. निघालं एकच, तेही बॅटरीच्या जागेत, आणि तू ते ओंजळीत घेऊन कोंबडीच्या पुढ्यात नेऊन ठेवलंस. मग येऊन पाना उचललास. गाडीच्या आधी अंडं पोचतं करणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही.

आठ महिने खपून तू ती उभी केलीस. मे महिन्यात तिचं पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळायचं. तू वाकून बघितलंस, हसलास. "मास्तर, विलायतेत थंडी हाय, म्हणून त्यांनी खालून सायलेन्सरचा शेक दिलाय. आपल्याला शेक कशाला? नांदेडचा मे हायच की." शेकाची वाट तू पत्र्यानं बंद केलीस, आणि कार्बोरेटरखाली जुन्या स्विचबोर्डाची बेकलाइटची जाड चकती कापून बसवलीस. त्यानंतर ती गाडी उन्हात उभी राहून गार श्वास घ्यायची. हे मी फुगवून सांगत नाहीये. बरं, थोडं फुगवतोय.

आपलं भांडण लागलं ते मॅनिफोल्डवरून.

फिजिक्सच्या मास्तरला मॅनिफोल्ड तू शिकवलास, हे आज कबूल करतो. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो, आणि ते मिश्रण चार सिलिंडरांपर्यंत नेणारा नळ्यांचा पंजा म्हणजे मॅनिफोल्ड. गाडीचा मूळचा पंजा लांब, बारीक, वळणावळणाचा. मला हैदराबादच्या भंगारबाजारात दुसरा सापडला होता: त्याच इंजिनासाठी कुणीतरी शर्यतीला बनवलेला, ॲल्युमिनियमचा, आखूड, सरळ आणि रुंद. नळीत माझी तीन बोटं जायची. (सांगताना मी मनगट म्हणतो.) कार्बोरेटर तोच चालणार होता. फक्त पंजा बदलायचा, पेट्रोल सोडणारे जेट बदलायचे, की झालं विमान.

तू तो उलटासुलटा करून बघितलास. आत फुंकर मारलीस. अंगठ्यानं कडा चाचपल्यास.

"चीज लई भारी हाय," तू म्हणालास. "पण हे मिनिटाला पाच हजार फेऱ्यांचं काम हाय. तू पाच हजारावर कुठं जातूस?"

"नांदेड ते लातूर!"

"लोह्यात कापसाच्या गाड्या. अहमदपुरात बाजार. चाकूरच्या पुढं रेल्वेचं फाटक. पाच हजारावर तू फक्त बोलण्यात जातूस, मास्तर."

"अरे, रुंद नळीतून हवा जास्त जाते. साधं विज्ञान आहे."

"जास्त जाती, हाव. पण कवा? इंजिन जोरात फिरलं तर. हळू चालताना बारीक नळीत वारं पळतं आन् पेट्रोलचे थेंब उचलून नेतं. रुंद नळीत तेच वारं रमतगमत चालतं. थेंब खाली पडतेत, नळी ओली, इंजिन उपाशी. मग ते शिंकतं, खोकतं आन् बसतं."

मी तुला ढ म्हणालो. तू चहा सांगितलास.

पण खामखा नाही म्हणायचं नाही, हा तुझा स्वभाव. आणि तुझा एक दस्तूर होता, तसा मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिला नाही. माणूस काय सांगतो यावर तू काही बसवत नव्हतास. गाडीत शेजारी बसायचास, आठ खेपा करायचास, आणि दर पाचव्या किलोमीटरच्या दगडाला आरपीएमच्या मीटरवर काटा जिथं असेल तिथं काचेवर खडूचा एक ठिपका द्यायचास. काचेवर खडू उठत नाही म्हणून तो आधी जिभेवर ओला करायचास. आठ खेपांनंतर काच बघायची. "ठिपक्यांची गर्दी जिथं, तिथं इंजिनाचं घर. मॅनिफोल्ड घराचा बघायचा, हौसेचा न्हाई." खडू मीच दिला, माझ्या वर्गातला.

आता ऐक.

मला दगड लांबून दिसायचे. पाचवा दगड आला की मी क्लच दाबायचो, गाडी चौथ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये ओढायचो आणि पाय दाबायचो. इंजिन किंचाळायचं, काटा साडेचार हजारावर, तुझा खडू काचेवर. दगड गेला की पुन्हा चौथा गिअर आणि निवांत दोन हजार.

"गिअर का उतरवलास?" पहिल्या दिवशी तू विचारलंस.

"कुत्रं."

"कुठाय?"

"येणार होतं."

दुसऱ्या दिवशी म्हैस येणार होती. तिसऱ्या दिवशी चढ होता, जो फक्त मला दिसत होता. चौथ्या दिवसापासून तू विचारणं सोडलंस. मला वाटलं, पटलं तुला. आठ खेपांनंतर साडेचार हजाराच्या वर ठिपके असे दाटले होते, जणू माहूरगडावर पौर्णिमेची गर्दी. तू बराच वेळ काच बघत बसलास.

"खडू म्हणतोय तर बसवावं लागंल," तू म्हणालास.

गणपती विसर्जनाच्या दुपारी तू तो रुंद पंजा बसवलास. गावातले रस्ते मिरवणुकांनी भरलेले, त्यामुळं गाडी बाहेर काढता आली नाही. "उद्या सकाळी ऐकू," असं म्हणून आपण घरी गेलो. उजाडायच्या आत जमीन हलली.

सकाळी रेडिओनं गावांची नावं सांगितली. लातूरच्या खाली, औशाच्या पुढं, गावंच्या गावं. आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई, हाडांच्या, दवाखान्याच्या दारात दोन पेट्या प्लास्टर आणि एक अवजारांची पेटी घेऊन उभ्या होत्या. दवाखान्याच्या जीपा आधीच गेलेल्या. मी गाडी पुढं घातली आणि म्हणालो, "बसा बाई, साडेतीन तासांत पोचवतो." त्या शेजारी बसल्या. तू मागच्या इवल्याशा फळीवर, पेट्यांच्या मधोमध, गुडघे कानाला लावून.

निघताना मी डिकी उघडली, तर आत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. "हे काय?" म्हणालो. "असू दे. मागं वजन बरं असतंय," तू म्हणालास.

लोहा सोडल्यावर रस्ता मोकळा लागला. तिथं ती गाडी पळाली, मन्मथ. मला शपथ घालू नकोस, मी शपथा फार वाया घालवल्यात. पण काटा पाच हजाराच्या पुढं गेला आणि खोकला, शिंका सगळं थांबून एकच सूर लागला, तुतारीसारखा, अखंड. आमची सावली अहमदपुरात चहा पिऊन मागून आली, असं मी वर्गात सांगतो. आरशात तू दिसत होतास. डोळे मिटलेले. मला वाटलं, भ्यालास. देवाचं नाव घेतोयस.

लातूर गेलं, औसा गेलं. पुढं मात्र वाहनं एकाला एक चिकटून उभी. भाकरीचे ट्रक, चादरींचे ट्रक, रिकाम्या हातांनी निघालेली माणसं. बाईंच्या पेट्या बघून पोलिसानं आपल्याला शिवारातल्या मुरमाच्या वाटेनं घातलं. "आठ-नऊ किलोमीटर पडंल, पण मोकळं हाय." मोकळं होतं. वर बारीक पाऊस, खाली खडे, मध्ये चढ. पहिला गिअर, माणसाच्या चालीनं. आणि तू सांगितलेलं एकेक तसंच घडलं. गाडी शिंकली. खोकली. कार्बोरेटरनं तोंडातून ज्वाळेची जीभ काढून दाखवली. मी पाय दाबला की चाकं मुरमात फिरायची, पाय काढला की इंजिन मरायचं. चार वेळा मेलं, चार वेळा उठलं. पाचव्यांदा एका नाल्याच्या चढावर बसलं ते बसलं. चारही प्लग काढले, पेट्रोलनं न्हालेले.

मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. पेट्या घेऊन चालणं शक्य नव्हतं.

"झालं काय?" बाईंनी विचारलं. लहानखुऱ्या, पण आवाज असा की हाड आपणहून जागेवर बसावं.

"ह्याच्यात काल एक भाग बदललाय. ह्या वाटेला तो चालत न्हाई," तू म्हणालास.

"कुणी बदलला? आजच्या दिवशी?"

मी गाडीवर छत्री धरून उभा होतो. माझं तोंड उघडं होतं, हे मला आठवतं.

"मी बसवला, बाई. चूक माझी हाय. दीड तास सबर करा."

मी तोंड मिटलं.

तू डिकीतून गोणपाट काढलंस. आत जुना मॅनिफोल्ड, लांब, बारीक, वळणावळणाचा, घासूनपुसून ठेवलेला, सोबत जुने जेट. बाईंनी साडी खोचली आणि विचारलं, "मी काय धरू?" त्यांच्या अवजारांच्या पेटीतला ऑपरेशनचा स्टीलचा ट्रे तुझ्या नट-वॉशरांनी भरला. तू पंजा उतरवलास. जोडात घालायचं नवं पॅकिंग नव्हतं. माझ्या नोट्सच्या फाइलचा पुठ्ठा तू मागितलास, मॅनिफोल्डच्या तोंडावर धरलास आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं टकटक करत गेलास. कडा आपोआप कापत गेली, जशी आजी शंकरपाळ्याची कडा कातते. ग्रीस लावलंस, बसवलास, जेट बदललेस, नट कसलेस, एक इकडचा, एक तिकडचा, मधून बाहेर, घाई असताना घाई न करता. तुझ्या बोटांतून रक्त येत होतं. बाईंच्या ते लक्षात आलं, पण तू त्यांना हात तपासू दिला नाहीस.

दीड तासानं गाडी सुरू झाली आणि पहिल्या गिअरमध्ये, बैलासारखी, मान खाली घालून तो चढ चढली. एकदाही शिंकली नाही.

पुढचं मी लिहिणार नाही. त्यातलं मी कधी कुणाला सांगितलं नाही, त्याला फुगवायला माझ्याकडं हवाच नाही. बाई उतरल्या त्या चालतच दवाखान्याच्या तंबूत गेल्या. तू तीन दिवस तिथले जनरेटर आणि बंद पडलेल्या जीपा उठवत फिरलास. मी पाणी वाहिलं. त्या दीड तासात तंबूपाशी कोण वाट बघत होतं, काय झालं, हे मला माहीत नाही. मी बाईंना विचारलं नाही. पुढं त्या परगावी गेल्या, मग त्या वारल्याचंही कळलं, तरी विचारलं नाही.

परत आल्यावर मी गोष्ट सांगायला लागलो, आणि गोष्टीत मुरमाची वाट नव्हती. नांदेडला रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा निघालो, त्या संपेपर्यंत औसा! रुंद नळ्यांचा मॅनिफोल्ड नसता तर बाई पोचल्या नसत्या! बघता बघता लातूरचे क्लासेस वाढले. वीस पोरांच्या खोलीचं मंगल कार्यालय झालं, मंगल कार्यालयाला माइक लागला, जळकोटपासून माहूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. हवेच्या वेगाचा धडा आला की मी ही गोष्ट सांगायचो. तू कधी लातूरला आलास की शेवटच्या बाकावर बसायचास. मी माइकवरून ओरडायचो, "विचारा, साक्षीदार मागं बसलाय!" पाचशे माना वळायच्या. तू म्हणायचास, "मास्तर म्हणतेत तर आसंल."

तुझ्या त्या "आसंल"नं मी दर वर्षी एक इंच बुटका होत गेलो. पोरांना दिसायचं नाही, कारण मी स्टेजवर असायचो.

मन्मथ, एक गोष्ट मात्र मी गुपचूप केली. त्या दिवसानंतर आईबाप पोराला घेऊन आले, "याला डॉक्टरच करा" म्हणाले, की मी लगेच हो म्हणत नव्हतो. पोराला आठ दिवस बसवायचो, काही न शिकवता बघायचो की त्याचा काटा कुठं राहतो. एका पोरीला चित्रकलेकडं पाठवलं, एका पोराला शेतीच्या कॉलेजात. बाप चिडले, मग पेढे घेऊन आले. लोक याला माझी पद्धत म्हणतात. मीही म्हणू दिलं.

तो रुंद मॅनिफोल्ड तू परत कधी बसवला नाहीस. गॅरेजात भिंतीवर, दारासमोरच्या खिळ्याला टांगलास. मी आलो की समोर तोच. मी समजलो, माझ्यासाठीच टांगलाय. बोलत नाही, पण दाखवतोस. मध्ये एकदा मी म्हणालो, "काढ ते, जागा अडते." तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे." मी विषय बदलला. कितीदा वाटलं सांगून टाकावं, की काच खोटी होती, प्रत्येक ठिपका मी रचलेला. मग वाटायचं, तुझा आठ खेपांचा दस्तूर मी मोडला हे कळलं तर तुला गाड्यांपेक्षा माणसांचं जास्त वाईट वाटेल. हे कारण मीच शोधलेलं. खरं कारण भीती.

चार दिवसांपूर्वी तुझी शोकसभा झाली. तुझे मिस्त्री दोस्त, माझे जुने विद्यार्थी, सगळे. मला बोलायला उभं केलं, आणि मी ठरवून सांगितलं. दगड, दुसरा गिअर, न आलेलं कुत्रं, मुरमाची वाट, दीड तास, तुझं "चूक माझी हाय", माझं मिटलेलं तोंड. सगळं, काहीही न वाढवता. आयुष्यात पहिल्यांदा.

लोक हसले रे.

टाळ्या पडल्या. माझा एक विद्यार्थी, आता चांगला सर्जन आहे, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सर, आज तर कमालच. आजपर्यंत स्वतःला चढवत होता, आज पहिल्यांदा उतरवून राहिले. उलटी थाप! काय पण मित्रप्रेम!" मी म्हणालो, "अरे, खरं आहे." तो म्हणाला, "हाव सर, बराबर," आणि डोळे पुसत हसत गेला. म्हणजे बघ. खोटं तीस वर्षं खपलं आणि खरं एक संध्याकाळ खपलं नाही. मी खुर्चीत बसलो, तेव्हा माझ्यासारखा एकटा माणूस पूर्णा नदीपासून मांजरापर्यंत नव्हता. यातलं निम्मंसुद्धा वजा करू नकोस.

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या हसल्या नव्हत्या. गर्दी पांगल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, घरी चला."

चहा पुढं ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं ते मला ठाऊक हाय. त्या आठ खेपांतल्या पहिल्याच दिवशी घरी येऊन ह्यांनी सांगितलं. पोट धरून हसत होते. म्हणले, मास्तरनं खडूलाबी कॉपी करायला शिकवली."

मी कप खाली ठेवला. अर्थात! सिलिंडरचं नाव ओळखणारा माणूस, त्याला गिअर उतरल्याचा आवाज कळणार नाही? थापाड्याचं हेच होतं. त्याच्या थापेवर पहिला विश्वास त्याचा स्वतःचाच बसतो.

"मग बसवला कशाला?" मी म्हणालो. "माहीत होतं तर बसवला कशाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हणले, माझ्याकडं समदे गाडी आणतेत ती बंद पडली म्हणून. मास्तर एकटा असा हाय, ज्यानं गाडी पळावी म्हणून आणली. आन् मला बी ऐकायची हाय."

वहिनींनी माझ्या कपावर बशी झाकली.

"किल्लारीकडनं परत आले ते आठ दिवस बोलले न्हाईत. मग एक दिवशी म्हणले, लोहा सोडल्यावर ती गायली. तिकडं माणसं मातीखाली आन् मला आनंद झाला. डोळे मिटून ऐकत बसलो. त्या आनंदापायी दीड तास गेला. मास्तरला वाटत आसंल मी त्याला पाठीशी घातलं. मी न्हाई घातलं. मी खरंच बोललो. तवाच ह्यांनी तो पंजा खिळ्याला टांगला, सोताला दिसावा म्हणून."

मन्मथ, गाढवा. तीस वर्षं त्या खिळ्याखाली आपण दोघं बसून चहा प्यालो. मी समजत होतो तो माझा आरोप, तू समजत होतास तुझा. आणि बोलत होतो काय, तर प्लगच्या गॅपबद्दल.

आता तू नाहीस तर भांडतो. चूक माझी. आनंद हा गुन्हा नसतो. खोटा ठिपका असतो. तू म्हणशील, मिस्त्रीचा हात शेवटचा, खडू खोटा हे कळून हात चालवला तो खरा दोषी. मी म्हणेन, जुना मॅनिफोल्ड डिकीत घेऊन निघणाऱ्याला दोषी कोण म्हणतं? तू म्हणशील, तो घेतला म्हणजेच मला खात्री होती. यावर मला उत्तर सुचत नाही. सुचेल तेव्हा ऐकवीन. तोवर मी हरलेलो नाही, एवढं लक्षात ठेव.

मी निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी तो सूर परत ऐकला न्हाई. मी तर कवाच ऐकला न्हाई. भावजी, ऐकवा मला."

गॅरेजातल्या खिळ्यावरून मॅनिफोल्ड त्यांनीच काढून दिला. तुझ्या कुठल्याही दोस्ताला मी हात लावू दिला नाही. तू भर पावसात दीड तासात केलंस, त्याला मला माझ्या कोरड्या शेडमध्ये, तू शेवटपर्यंत चालती ठेवलेल्या त्याच गाडीवर, तीन दिवस लागले. पुठ्ठा चार वेळा चुकीचा कापला. बोटं फुटली. एक नट इंजिनाखाली पडला, तो अजून तिथंच कुठंतरी तुझी वाट बघतोय.

आज सकाळी वहिनींना शेजारी बसवलं. लातूरचा रस्ता आता चौपदरी झालाय, बघ. तीस वर्षांनी या नळ्यांच्या रुंदीचा रस्ता मिळाला. गावातून निघेपर्यंत गाडीनं शिंकून शिंकून माझी अब्रू घेतली. वहिनींनी पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होती आणि समोर बघत होत्या. लोहा सोडलं. रस्ता रिकामा. तिसरा गिअर, आणि मी पाय खाली नेला. चार हजारावर खोकला थांबला. पाच हजारावर तो सूर लागला. मी तो कसा होता हे सांगणार नाही, माझे शब्द त्याला फुगवतील. मी बाजूला बघितलं. वहिनींचे डोळे मिटलेले होते.

पुढं एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केल्यावर कानांत नुसती शांतता वाजत होती. वहिनींनी डोळे उघडले, पदराची गाठ सोडली, परत बांधली.

"एवढ्यासाठी व्हय?" त्या म्हणाल्या.

"हो वहिनी. एवढ्यासाठीच."

त्यांनी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडं.

"परत एकदा घ्या," म्हणाल्या.